तपकिरी पाटी

वर्ध्याहून मलकापूर साधारण 300 किलोमीटर. लग्न गोरज मुहूर्ताचं, संध्याकाळी 6 वाजून 52 मिनिटांनी. आम्ही घर सोडलं सकाळी 7 ला. एवढ्या वेळात आमच्या लहानपणची एसटीसुद्धा दोनदा पंक्चर काढून, ड्रायव्हर-कंडक्टरची जेवणं आटोपून पोहोचली असती. आम्ही मांडवात पाय ठेवला रात्री सव्वानऊला. तेव्हा नवरदेव-नवरी जेवायला बसले होते आणि भटजी दक्षिणा मोजून घरी गेले होते.

गाडी बिघडली नाही. टायर फुटला नाही. रस्ताही चुकलो नाही. जे काही चुकलं ते माझ्या डाव्या हाताला, शेजारच्या सीटवर, डोक्याला दुपट्टा बांधून बसलं होतं.

मास्तर माझा बालमित्र. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून आता निवृत्त झालाय. मीच मध्यस्थी करून बायकोच्या धाकट्या बहिणीशी त्याचं जुळवलं, त्यामुळे तो माझा साडूही आहे. म्हणजे तक्रार करायची तर कोणाकडे? मी नोकरीभर कारकून होतो म्हणून तो मला बाबू म्हणतो.

त्याच्या आजाराला नाव नाही, पण लक्षणं सांगतो. हायवेवर हिरव्या पाट्या असतात. त्यांवर गाव आणि अंतर लिहिलेलं असतं. त्या मास्तरला दिसतच नाहीत. त्याला दिसतात तपकिरी पाट्या. त्यांवर देऊळ, किल्ला, तळं, लेणी असं काहीबाही असतं. तपकिरी पाटी दिसली की तो वर्गात ओरडायचा त्या आवाजात म्हणतो, "थांबव!" आणि माझा पाय मला न विचारता ब्रेकवर जातो.

याआधी एकदा तो मला गिरडला घेऊन गेला होता. समुद्रपूर तालुक्यात टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा आहे. टेकडीवर गोल गोल दगड सापडतात, दिसायला थेट सुपारी, जायफळ, नारळ. गोष्ट अशी की माल घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा बाबांनी त्यांचा सगळा मालच दगड करून टाकला. पुढे त्यांनी माफी मागितली, तर झाडाच्या पाल्यापासून नवा माल करून दिला. मास्तरनं मला अर्धा तास समजावलं की हे झिओलाइट आहे, आपल्या काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार होतं. शास्त्र झाल्यावर त्यातली एक सुपारी त्यानं हळूच खिशात टाकली. ती कशी कोण जाणे पानाच्या डब्यात गेली आणि सासऱ्यांची दाढ घेऊन बाहेर आली. सासरा दोघांचा एकच असल्यामुळे दोष निम्मा निम्मा वाटण्यात आला.

तर या लग्नाला दोघी बहिणी शहाण्यासारख्या आदल्या दिवशी रेल्वेनं गेल्या. मला जायचं होतं कारनं, कारण खामगावला थांबून चांदीचा करंडा घ्यायचा होता. चांदी घ्यावी तर खामगावची, असं आमच्या सासरचं मत आहे. लग्न बायकोच्या मामेभावाच्या मुलीचं, म्हणजे आहेर वजनदार हवा. बायकोनं निघताना बजावलं होतं, "एकच ठिकाणी थांबजा. खामगावले. बाकी कुठी नाई."

पहिला मुक्काम झाला घरापासून दहा मिनिटांवर. गोपुरीचं गीताई मंदिर. मी म्हटलं, मास्तर, अरे हे आपलंच गाव आहे, जन्म गेला इथं. तो म्हणाला, "म्हणूनच तं तू नीट पायलं नाई." बरं, मंदिर आहेच तसं. छप्पर नाही, मूर्ती नाही. मोकळ्या आभाळाखाली दगडी फरशा उभ्या आहेत आणि त्यांवर विनोबांची गीताई कोरलेली आहे, अठराही अध्याय. वरून पाहिलं तर या फरशांच्या रांगेतून गायीचा आकार दिसतो म्हणतात. मास्तरला आता वरून पाहायचं होतं. तो एकदा झाडाकडे पाहायचा, एकदा माझ्या खांद्यांकडे. मी पटकन बूट घालायला निघालो. त्यानं तडजोड केली, निदान एक अध्याय तरी वाचून निघू. त्यानं निवडला पहिला, अर्जुनाचे हातपाय गळतात तो. माझी मनःस्थिती तंतोतंत जुळली.

आर्वी मागे टाकून वर्धा नदी ओलांडली तेव्हा उन्हानं डोळे उघडले होते. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, खिशात कांदा, काचेतून आत येणारा वारा म्हणजे इस्त्रीच. नदीकाठी कौंडण्यपूर. रुक्मिणीचं माहेर. भावानं तिचं लग्न शिशुपालाशी ठरवलं, तिनं श्रीकृष्णाला पत्र धाडलं आणि लग्नाच्या ऐन तोंडावर अंबिकेच्या दर्शनाला गेली ती थेट रथात बसून निघून गेली. मास्तरला रथ नेमका कुठं उभा होता ते पाहायचं होतं. पारावर एक आजोबा बसले होते, त्यांना त्यानं विचारलं. आजोबा म्हणाले, "बाप्पा, मी काय तवा हजर होतो? मी भरीचा म्हातारा आहो, पण एवढाही नाई."

मला मात्र तिथं उभ्या उभ्या एक गोष्ट लख्ख कळली. त्या रथात श्रीकृष्णाच्या शेजारी मास्तर असता, तर पहिल्याच फाट्यावर रथ थांबला असता, मागून आलेल्या रुक्मीनं बहिणीला परत नेलं असतं आणि शिशुपालाचं लग्न मुहूर्तावर लागलं असतं.

बायकोचा फोन आला. "कुठं पोचले?"

"रुक्मिणीच्या माहेरी."

"कोन रुक्मिणी?" तिचा आवाज बदलला. खुलासा करण्यात पाच मिनिटं गेली.

मोझरीला तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजात हात जोडले. तिथं मी स्वतःहून थांबलो, तक्रार नाही. पण अमरावतीत मास्तरला अंबादेवीचं देऊळ आठवलं. का, तर रुक्मिणीला श्रीकृष्णानं इथून नेलं अशीही श्रद्धा आहे. मी म्हटलं, "अबे, सकाळी तर ती तिकडून गेली होती. बाई पळाली किती वेळा?" मास्तर भडकला नाही. शिक्षक कधी भडकत नाही, तो आणखी समजावतो. म्हणाला, "कौंडण्यपूरपासून इथवर भुयार होतं म्हणतात. ती भुयारानं आली." मला त्या भुयाराचा फार मोह झाला. भुयारात तपकिरी पाट्या नसतात.

अमरावती ते अकोला रस्त्यावर मी निश्चिंत होतो, कारण मधला पट्टा म्हणजे सरळसोट हायवे, पाहायला काही नाही. हा माझा अंदाज. लोणीच्या पुढे मास्तर ओरडला, "थांबव!" मी थांबलो. आजूबाजूला पाहिलं. देऊळ नाही, किल्ला नाही, दगडसुद्धा नाही. "काय पाहायचं आहे?"

"रस्ता."

आणि तो रस्त्याबद्दल सांगू लागला. जून 2022 मध्ये याच अमरावती-अकोला मार्गावर एका लेनचा 75 किलोमीटर डांबरी रस्ता सलग 105 तास 33 मिनिटांत तयार झाला. 3 तारखेला सकाळी काम सुरू, 7 तारखेला संध्याकाळी संपलं, गिनीजमध्ये नाव. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा. मास्तरनं बोटांवर भागाकार केला. "म्हणजे ताशी 710 मीटर बे. अन् तेही डांबर टाकत टाकत!" मी मनात आमचा हिशेब केला. आमचा वेग त्याहून बरा होता, पण आम्ही तर डांबरही टाकत नव्हतो.

एवढ्यावर थांबावं ना. हा विश्वविक्रमी रस्ता हाताला कसा लागतो ते पाहायला मास्तर खाली वाकला. दुपारचे साडेचार, मे महिना, पारा 45 च्या घरात. त्यानं तळवा डांबरावर टेकवला. पुढचे वीस मिनिट तो बिसलेरीची बाटली मुठीत धरून बसला होता आणि कोणत्याही पाटीकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्या दिवसातला माझा सगळ्यात सुखाचा प्रवास तोच.

मूर्तिजापूरला हात बरा झाला. शकुंतला, आमची छोट्या रुळांची आगगाडी! आता हिच्यावर मात्र माझाही जीव आहे, त्यामुळे मीच गाडी वळवली असा आरोप बायको आजही करते. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, एक अचलपूरला. 1923 पासून 1994 पर्यंत मँचेस्टरमध्ये तयार झालेलं वाफेचं इंजिन ती ओढायचं, मग डिझेल आलं. इंग्रज गेले, तरी रूळ खासगी कंपनीचेच राहिले आणि आपली रेल्वे ती गाडी भाड्यानं चालवत राहिली. वेग असा की पोट्टे चालत्या गाडीतून उतरून वावरातली बोरं तोडून परत चढायचे. माझ्या आजोबांचं म्हणणं, शकुंतला कधीच चुकली नाही, कारण ती चुकेपर्यंत माणूस धावत जाऊन पुढच्या स्टेशनावर तिला गाठायचा. आता ती बंद आहे. रुळांवर गवत.

मास्तरनं पिशवीतून टेप काढला. टेप त्याच्याकडे कायम असतो. मला एका रुळावर टेपचं टोक धरायला लावलं आणि दुसऱ्या रुळावर स्वतः उकिडवा बसला. "762 मिलिमीटर!" तो असा ओरडला जसं काही आदल्या रात्री कोणी रूळ सरकवले असतील अशी त्याला शंका होती. अडीच फूट. मी म्हटलं, लिहून ठेव आणि चल. त्यानं खरोखर लिहून ठेवलं.

अकोल्याच्या गर्दीत 6 वाजून 52 मिनिटं झाली. आम्ही दोघंही काही बोललो नाही. मी स्टिअरिंगवरच दोन अक्षता टाकल्यासारखं केलं.

मुहूर्त गेल्यावर घाईचं कारणच उरलं नाही, असं मास्तरचं तर्कशास्त्र. म्हणून बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगाची छत्री. पुरंदरच्या तहातले तेच मिर्झाराजे. नदीकाठी दगडी खांबांची देखणी छत्री, मावळतीचा उजेड, खरंच सुंदर. तेवढ्यात फोन.

"कुठं आहा?"

"छत्रीखाली."

"पानी येऊन रायला का तिकडं?"

मी म्हटलं, हो. तेवढं एक खोटं मी दिवसभरात बोललो, आणि तेही दुसऱ्या खोट्याची तयारी म्हणून.

कारण पुढे नांदुरा होतं. नांदुऱ्याचा मारुती हायवेला लागून उभा आहे, 105 फूट. 105 तासांच्या रस्त्यासाठी ज्यानं हात भाजून घेतला, तो 105 फुटांच्या मारुतीसाठी काय करेल याचा विचार करून मला घाम फुटला. मारुतीला पाटीची गरजच नाही, तोच पाटी आहे. एवढा मोठा देव एका माणसापासून लपवायचा कसा?

उपाय शेगाव कचोरीनं सुचवला. त्या भागात दर अर्ध्या किलोमीटरवर शेगाव कचोरीची पाटी दिसते, शेगाव कितीही लांब असो. मी गाडी थांबवली. मास्तर चकित झाला, मी स्वतःहून थांबलो म्हणून. मी त्याला एक दिली, दोन दिल्या, तळलेल्या मिरच्यांसकट सहा दिल्या. वरून थंडगार मठ्ठा. गाडी सुरू झाल्यावर पाचव्या मिनिटाला दुपट्टा तोंडावर आला आणि घोरणं सुरू झालं.

मग मी जी गाडी चालवली तशी जन्मात चालवली नव्हती. गतिरोधकावर गाडी तान्ह्या पोरासारखी उतरवली. हॉर्न नाही, रेडिओ नाही. खामगाव गेलं. नांदुरा आलं. समोर अंधारात तो प्रचंड मारुती. मी त्याच्याकडे पाहून डोळ्यांनीच सांगितलं, देवा, बोलू नका. मारुतीनं ऐकलं. मास्तर कूस बदलून "अक्षांश" असं काहीतरी पुटपुटला आणि पुन्हा घोरू लागला. मलकापूरची वेस दिसली तेव्हा मला स्वतःचाच अभिमान वाटला.

मांडवात नवरीचे वडील हात पुसत पुढे आले. मी उशिराची कारणं मनात जुळवून ठेवली होती. त्यांनी उशिराचं विचारलंच नाही. मास्तरचा हात हातात घेऊन म्हणाले, "भाऊजी, रस्त्यानं आले म्हणजे नांदुऱ्याचा मारुती पायला असंन?"

मास्तरनं माझ्याकडे पाहिलं. परीक्षेत कॉपी सापडल्यावर तो असाच पाहायचा, असं त्याचे विद्यार्थी सांगतात. तेवढ्यात बायको आली. तिनं माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग मागे पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, "करंडा?"

खामगाव. मी खामगावहून श्वास रोखून आलो होतो.

आहेर पाकिटातून गेला. दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं ते आधी नांदुरा, मग खामगाव, असं दोघी बहिणींनीच ठरवलं. मला मत नव्हतं. मांडवपरतणी, निरोप, डब्यात बुंदी, यात सकाळ गेली आणि नांदुऱ्याला पोहोचलो तेव्हा उन्ह डोक्यावर आलं होतं. बहिणींनी मारुतीसमोर एवढे फोटो काढले की लग्नात काढले नसतील. मास्तर गंभीरपणे पिशवीतून टेप काढत होता.

"105 फूट म्हणतात. आपण मोजू," तो म्हणाला. "सोपं आहे. तुझी उंची किती? साडेपाच फूट. तुझी सावली मोजायची, मारुतीची सावली मोजायची, त्रैराशिक मांडायचं. सरळ उभा राय, उन्हात."

मी उन्हात उभा राहिलो. मास्तर टेप घेऊन माझ्याभोवती एक चक्कर फिरला. मग दुसरी. मग घड्याळ पाहिलं. बारा वाजून वीस मिनिटं. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा पश्चात्ताप दिसला, पण तो माझ्यासाठी नव्हता.

"आपलं चुकलं बे बाबू. मेचा शेवटचा आठवडा. आपल्या अक्षांशावर या दिवसांत सूर्य बरोबर डोक्यावर येते. तुझी सावली तुझ्या चपलेखाली गेली. मारुतीचीही नाई."

"मग जायचं का खामगावले?" बायकोनं रसवंतीच्या मांडवातून विचारलं.

मास्तर टेप गुंडाळत सावलीला बसला. "थांबू नं जरा," तो म्हणाला. "चारपर्यंत चांगली लांब पडते."