इनफिलपेक्षा भिंती वाढवा

थ्रीडी प्रिंटरवर छापलेले भाग आणि पाइप जोडून कटिंग मशीन बनवण्यावरच्या लेखातला ‘सगळे भाग १०० टक्के इनफिलने (म्हणजे आतून पूर्ण भरीव) छापा, मशीन ताठ होईल’ हा सल्ला पटला नाही. फिलामेंट (छपाईची प्लास्टिकची तार) आणि वेळ दोन्ही वाया, शिवाय मोठे भाग छापताना कोपऱ्यांतून उचलले जाण्याची भीती वाढते. भाग वाकतो तेव्हा ताण बाहेरच्या थरांवर येतो, म्हणून ०.४ मिमी नोझलने ५ भिंती (भागाच्या बाहेरच्या कडेने छापलेल्या रेघा) आणि ३०-४० टक्के इनफिल बहुतेक ठिकाणी पुरतं. बोल्टची ओढ थर सुटे करणार नाही अशा दिशेने भाग छापणं जास्त महत्त्वाचं, आणि त्याबद्दल लेखात एक ओळही नाही!

खरा वाक पाइपात असतो. तो लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: गँट्रीचा (कापणारं डोकं पेलणाऱ्या आडव्या पुलाचा) पाइप ६०० ऐवजी ७५० मिमी घेतला की त्याच भाराला जवळपास दुप्पट वाकणार. तेव्हा आधी कामाचं क्षेत्र लहान करा. दुसरी गोची मोटारच्या माउंटची, म्हणजे ती धरून ठेवणाऱ्या छापील भागाची. पीएलए (छपाईचं नेहमीचं प्लास्टिक) ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं आणि स्टेपर मोटार (ठरावीक पावलांनी फिरणारी) तेवढी सहज तापते. माउंट हळूहळू वाकतं, बेल्ट सैल होतो, मग गोल कापायला गेलं की अंडाकृती निघतं आणि लोक फर्मवेअरमधले (मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममधले) स्टेप्स, म्हणजे एक मिमी सरकायला मोटारची किती पावलं हा आकडा, बदलत बसतात. २० दातांची जीटी२ पुली (२ मिमी अंतरावर दात असलेल्या बेल्टची), पावलाला १.८ अंश फिरणारी मोटार आणि १/१६ मायक्रोस्टेपिंग (एका पावलाचे १६ तुकडे) असेल तर हिशेब ८० स्टेप्स प्रति मिमी एवढाच येतो, त्याला हात लावू नका. त्यापेक्षा मोटारला वीज देणाऱ्या ड्रायव्हरचा करंट कमी करा, माउंट पीईटीजीमध्ये (पीएलएपेक्षा जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकमध्ये) जाड छापा.