हाती आलं धुपाटणं

"तुझं बरंय बाबा, घरी बसून गेम खेळायचे आणि वर त्याचे पैसे," असं म्हणणाऱ्या प्रत्येक माणसाला मला २०२५ च्या ४ सप्टेंबरला संध्याकाळी साडेसात वाजता आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये नेऊन उभं करायचंय. समोर बाप्पा, आईच्या हातात निरांजन, काकांच्या हातात झांजा, शेजारच्या दोन काकू, चुलतबहीण तिच्या पोरांसकट, आणि सगळ्यांच्या मागे मी, एका हाताने टाळी वाजवत. एका हाताने टाळी वाजत नाही हे मलाही माहितीय, पण दुसऱ्या हातात स्विच टू, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं यंत्र होतं आणि त्यावर 'सिल्कसाँग' नावाचा गेम नेमका त्याच मिनिटाला जगभर विकायला येणार होता.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'हॉलो नाइट' नावाचा एक किड्यामुंग्यांच्या राज्यातला गेम २०१७ साली आला, ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला बसून मोजक्या टाळक्यांनी बनवलेला, आणि तो इतका भारी निघाला की लोक पुढच्या भागाची वाट बघायला लागले. पुढचा भाग फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाला आणि मग सगळं चिडीचूप. साडेसहा वर्षं. तेवढ्यात माझं लग्न झालं, लॉकडाऊन लागला, लॉकडाऊन उठला, आमच्या सोसायटीची लिफ्ट दुरुस्त होऊन परत बिघडली, आणि मग ऑगस्टमध्ये एक दिवस अचानक यांनी सांगितलं की गेम दोन आठवड्यांनी येतोय. दोन आठवड्यांनी म्हणजे कधी? तर अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधी. आणि वेळ कुठली? तर तिकडे अमेरिकेत सकाळ आणि आमच्याकडे बरोबर आरतीचं ताट फिरायला लागतं ती.

एरवी आम्हा रिव्ह्यूवाल्यांना गेम आधी मिळतो, म्हणजे थोडा श्वास घेऊन खेळता येतं. या वेळी बनवणाऱ्यांनी सांगितलं की आधी कुणालाच देणार नाही, सगळ्यांनी एकदमच खेळायचा. तत्त्व म्हणून मला हे पटलं. पण संपादकाने सोमवारपर्यंत बाराशे शब्द आणि दहापैकी गुण मागितले होते आणि शनिवारी विसर्जन होतं, त्यामुळे तत्त्व बाजूला ठेवून मी मनातल्या मनात बोंब मारली.

आरती संपली, प्रसाद वाटून झाला, मी 'खरेदी करा'वर बोट ठेवलं आणि दुकान पडलं. माझं एकट्याचं नाही, जगभरातली ऑनलाइन दुकानं त्या संध्याकाळी झोपली होती, कारण साडेसहा वर्षं थांबलेले सगळे एकाच मिनिटाला दारात आले होते, म्हणजे लालबागच्या रांगेत मुखदर्शन आणि चरणस्पर्श दोन्ही लाइनी एकमेकीत घुसाव्यात तसं. मी दर दोन मिनिटांनी दाबत होतो. आई लांबून बघत होती. शेवटी म्हणाली, "काय रे, गॅस बुकिंग होत नाहीये का?"

सव्वानऊला गेम मिळाला. मिळाला खरा, पण खेळायला बसू कुठे? हॉलमध्ये पाहुणे, बेडरूममध्ये पाहुण्यांच्या बॅगा आणि त्यावर झोपलेलं एक बाळ, किचनमध्ये उद्याच्या मोदकांचं सारण. मग मी गॅलरीत वॉशिंग मशीनच्या बाजूला बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसलो. बादलीच्या बुडाला मधे ती गोल कड असते ना, तिचा छाप माझ्यावर पुढचे चार दिवस होता, पण ते असो.

तर गेम असा आहे. हॉर्नेट नावाची एक सुईवाली योद्धा, तिला पकडून फारलूम नावाच्या राज्यात आणलंय, आणि तिला खालून वर वर चढत गडावर पोहोचायचंय. वाटेत सगळीकडे यात्रेकरू. ते पण त्याच गडावर निघालेत, गळ्यात घंटा, पाठीवर ओझी, आणि चलन काय तर जपमाळेचे मणी! खरंच, किडे मारले की मणी पडतात आणि त्या मण्यांवर बाजार चालतो. मला सुरुवातीला वाटलं ही तर वारीच, मस्त जमेल आपल्याला. पण आपल्या वारीत पाया पडून माऊली म्हणतात, इथल्या निम्म्या माऊल्या अंगावर धावून येतात. शिवाय मेलात की जवळचे सगळे मणी जिथे मेलात तिथेच एका कोशात राहतात, परत जाऊन आणायचे, आणि जाता जाता परत मेलात तर ते मणी कायमचे गेले. मी पहिल्या रात्री तीनशे मणी असेच घालवले. मणी एका दोऱ्यात ओवून घेता येतात, मग ते मेलं तरी जात नाहीत, पण ओवून द्यायचेही तिथला दुकानदार पैसे घेतो. नकाशा विकत घ्यायचा. नकाशावर आपण कुठे आहोत हे दाखवणारं होकायंत्र वेगळं विकत. हे कळल्यावर मला एकदम आपलेपणा वाटायला लागला.

आणि बाकडी. ह्या गेममध्ये बाकडं म्हणजे सर्वस्व. बाकड्यावर बसलं की जीव भरतो, गेम सेव्ह होतो, आणि मेल्यावर माणूस शेवटच्या बाकड्यावर उठतो. त्यामुळे बाकडं दिसलं की डोळ्यात पाणी येतं. त्यातल्या काही बाकड्यांवर बसायला मणी मोजावे लागतात, हे एक वेळ मी समजू शकतो, आमच्याकडे लग्नाच्या हॉलवाले खुर्च्यांचे वेगळे लावतातच. पण हंटर्स मार्च नावाचा एक भाग आहे, तिथल्या लाल मुंग्या म्हणजे नुसता अंत बघतात, तिथून अर्धमेला होऊन मी रात्री दीड वाजता एका बाकड्यापाशी पोहोचलो, हुश्श म्हणून बसलो, आणि त्या बाकड्याला सापळा होता! बाकड्याला! वरून काहीतरी दणकन आलं आणि मी मेलो. बादलीवरून एवढ्या जोरात उठलो की बादली लवंडून वॉशिंग मशीनवर आपटली आणि आत बाळ उठलं. बाळ उठल्यावर बाळाची आई उठली, तिच्यामागे आमची आई, आणि सगळ्यांनी मिळून मला विचारलं काय झालं. मी काय सांगणार? बाकड्याने मारलं?

"एवढं मनाला लागतं तर खेळतोस कशाला?" बायको म्हणाली.

"काम आहे माझं."

"कामाचा माणूस असा ओरडतो का?"

ह्याला उत्तर नाहीये माझ्याकडे. ती अकाउंट्समध्ये आहे, मार्च एंडला ती पण ओरडते, पण ते मी तेव्हा बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी भाचा मदतीला आला. आठवीत आहे. मदतीला म्हणजे मागे उभा राहून "मामा, डावीकडे. मामा, अरे डावीकडे. जाऊ दे मामा" असं म्हणायला. हॉर्नेट वार करताना एक आवाज काढते, मला तो "शॉ!" असा ऐकू येतो, आणि दर दोन सेकंदांनी शॉ, शॉ, शॉ. आईने आतून दोनदा "कोण शिंकतंय? त्याला वाफ द्या," असं सांगितलं. मूरविंग म्हणून एक उडणारं धूड आहे, त्याच्याकडून मी बावीस वेळा मार खाल्ला. मोजले, कारण भाचा मोजत होता. तेविसाव्या वेळी मी पाणी प्यायला उठलो आणि परत येईपर्यंत त्याने ते मारलं होतं. इथे माझ्यापुढे व्यवसायाचा एक गंभीर नैतिक प्रश्न उभा राहिला, की जो राक्षस भाच्याने मारला त्याबद्दल मी लिहू शकतो का? बराच विचार करून मी रिव्ह्यूमध्ये "आम्ही" असं लिहिलं. वाचणाऱ्यांना वाटलं असेल मोठा रुबाब आहे.

आणि ह्यातली गंमत म्हणजे माझा रिव्ह्यू गेल्यानंतर थोड्याच दिवसांत बनवणाऱ्यांनी दुरुस्ती काढली आणि सुरुवातीचे एकदोन राक्षस जरा सोपे केले. त्यात कोण? मूरविंग. बावीस वेळा मेलेल्या माणसाला ह्याची काही नुकसानभरपाई नसते.

गडाच्या दाराशी शेवटी एक न्यायाधीश उभा असतो. हा लांबलचक साखळीला बांधलेलं पेटतं धुपाटणं गरगर फिरवत अंगावर येतो. धुपाटणं! मागे हॉलमध्ये शनिवारची उत्तरपूजा चालू, तिकडून खरा धूप येतोय, इथे स्क्रीनवर हा बाबा धूप फिरवतोय, आणि मी दोन्हीकडच्या धुरात खोकत, कारण दर वेळी मेलं की पार लांबच्या बाकड्यावरून उड्या मारत परत यायचं. हरला तरी हा गप्प मरत नाही, फुटतो, आणि जवळ उभे असाल तर तुम्हालाही लागतं. मणी गेले, झोप गेली, विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझीम खेळायचं राहिलं, आणि हाती काय आलं ते म्हणीत सांगितलेलंच आहे.

मग गुण. लोकांना वाटतं अवघड काम म्हणजे खेळणं. अहो, खेळून माणूस मरतो फक्त, खरा छळ तो आकडा काढताना होतो. संपादकाला पॉइंट लागतो. नऊ की साडेआठ? नऊ दिले तर "विकला गेला", साडेआठ दिले तर "खेळता येत नाही म्हणून कापले." काका बँकेतून रिटायर, त्यांनी माझे जुने रिव्ह्यू काढून बघितले आणि विचारलं, "ह्यात नापास कोण होतं?" मी म्हटलं काका, आमच्यात सात म्हणजे नापास. "मग एक ते सहा कशाला ठेवलेत?" मी म्हटलं शोभेला. आई मोदकपात्र घासत होती, तिने मान वर न करता विचारलं, "तू किती वेळा हरलास त्यावर मार्क देतोस की काय?" आणि मी जो आधी साडेसात लिहून ठेवला होता तो गुपचूप खोडला. कारण खरं सांगायचं तर गेम सुंदर आहे. ती घंटांची गावं, ते संगीत, वीस डॉलरमध्ये एवढं मोठं राज्य, आणि जमलं की हात असे चालतात की आपण भाचाच आहोत असं वाटतं. नऊ दिले. पैसे यथावकाश आले, त्यात दहा दिवसांच्या फुलांचासुद्धा हिशेब बसला नाही.

पुढचं पटकन सांगतो, कारण सण थांबत नाहीत आणि गेमवाले सणाशिवाय येत नाहीत. नवरात्रात 'हेडीस टू' आला. ह्यात तुम्ही पाताळातली राजकन्या, मरता, घरी परत येता, घरच्या सगळ्यांशी दोन शब्द बोलता, कपडे बदलल्यासारखं शस्त्र बदलता आणि परत निघता, आणि मरण्यातूनच गोष्ट पुढे सरकते. डोंबिवलीहून रोज सीएसएमटीला जाणाऱ्याला हे वेगळं समजवायला लागत नाही. मी पहिल्या तासातच वर गुण लिहून मोकळा झालो, इतकं घरच्यासारखं वाटलं.

आणि दिवाळीच्या तोंडावर नवा पोकेमॉन, 'लेजंड्स झेड-ए'. सगळा गेम एकाच शहरात, पॅरिससारखं दिसणारं, आणि कथानक म्हणजे शहराचा पुनर्विकास! हे मी चुकून काकांसमोर बोललो. आमची बिल्डिंग चार वर्षं रिडेव्हलपमेंटला जातेय, काका कमिटीवर. त्यांनी चष्मा लावला, स्क्रीन हातात घेतली आणि विचारलं, "भाडं किती देतात? कॉर्पस आहे का?" मी म्हटलं काका, इथे पोकेमॉनना राहायला शहरातच जागा काढून देतात. "आणि मूळ सभासद?" ह्यावर मात्र गेममध्ये म्हणावा तितका खुलासा नाही, आणि मी हा मुद्दा रिव्ह्यूत घातला. संपादकाने तो काढला. बाकी मारामारी आता पाळीपाळीने नाही, चालू लढाईत पळापळ करत करायची, ती मला आवडली, इमारती मात्र जवळून बघितल्या तर खिडक्या रंगवल्यासारख्या सपाट. काका म्हणाले, "सॅम्पल फ्लॅट असाच असतो."

ह्याच गेमच्या कार्डामुळे अजून एक भानगड झाली. स्विचमध्ये गेम घालायच्या छोट्या कार्डांना पोरांनी गिळू नये म्हणून डेनाटोनियम बेन्झोएट नावाचं महाकडू द्रव्य लावलेलं असतं, ही माहिती मी फराळाच्या वेळी मोठ्या कौतुकाने सांगितली. काका म्हणाले कारल्याच्या रसावर वीस वर्षं काढली आहेत, दाखव. मी नको म्हणत असताना त्यांनी कार्ड चाटलं. मग एक करंजी, दोन अनारसे आणि तांब्याभर पाणी गेलं, तरी तोंड वाकडं ते वाकडंच. भाऊबीजेपर्यंत ते मला भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "हा खेळतो ते फार कडू असतं हो." एवढी सहानुभूती मला ह्या धंद्यात आधी कुणी दाखवली नव्हती.

हल्ली मी एक केलंय. घरात जागा नाही म्हणून रिव्ह्यूचे गेम ट्रेनमध्ये खेळतो. पण डोंबिवलीला चढून बसायला मिळणं म्हणजे सिल्कसाँगपेक्षा अवघड, म्हणून सकाळी आधी उलटं कल्याणला जातो आणि तिथून रिटर्न येतो, म्हणजे खेळायला तासभर नक्की मिळतो. परवा चक्क खिडकी रिकामी दिसली. मागून लोंढा येत होता, तरी मी बसलो नाही, वाकून सीटवर हात फिरवला, वर रॅककडे बघितलं, परत सीट दाबून बघितली.

"काय हरवलंय का हो?" समोरच्या आजोबांनी विचारलं.

म्हटलं नाही, आणि बसलो.