जड बॅट म्हणजे लांब फटका? सॉफ्टबॉलच्या त्या मेसेजला उत्तर

शालेय स्पर्धा जवळ आल्या की ठाणे, वाशी, नेरूळकडच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्यातले सल्ले असे: मुलांना जड बॅटच द्या, चेंडू लांब जातो, सचिनची बॅटसुद्धा जडच होती. हात सरळ करून दहा सेकंद धरता आली की वजन बरोबर. मायनस आकडा (बॅटच्या वजन-लांबीतला फरक) सारखा असेल तर कुठलीही बॅट घ्या, फरक नाही. एक साइज मोठी घ्या, दोन वर्षं चालेल. मॅचआधी बॅटला जड रिंग घालून फिरवा, मग बॅट पिसासारखी फिरते.

पाचही सल्ले प्रेमानेच पुढे पाठवले जातात. पण त्यांच्या भरवशावर घेतलेली बॅट मुलांचा स्विंग (बॅट फिरवण्याची पद्धत) बिघडवते, आणि बिघडलेला स्विंग सरळ करायला पुढे सबंध सीझन जातो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

“जड बॅटने चेंडू लांब जातो”

बॅट जड आणि तिचा वेगही तेवढाच राहिला, तर चेंडू नक्कीच लांब जाईल. पण तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात वेग तेवढा राहत नाही, आणि खरा हिशेब वेगाचाच आहे. चेंडू बॅटच्या चांगल्या भागावर बसला, तर येणाऱ्या चेंडूच्या वेगाचा साधारण पाचवा हिस्सा परत मिळतो. बॅटचा वेग मात्र एक अधिक तोच हिस्सा, म्हणजे जवळजवळ १.२ पट मोजला जातो. म्हणजे चेंडूच्या वेगापेक्षा बॅटच्या वेगाची किंमत सहापट.

उदाहरणासाठी आकडे धरू. चेंडू ताशी ७० किमीने येतोय. जड बॅट ७५ ने फिरली, तर ७० चा पाचवा भाग १४ आणि ७५ चे १.२ पट ९०, एकूण १०४. दोन-तीन औंस (एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम) हलकी बॅट ८२ ने फिरली, तर परत मिळणारा हिस्सा थोडा घटून ०.१७ झाला (आणि बॅटचा वेग १.१७ पट) असं धरू. तरीही बेरीज १०८ च्या आसपास जाते. आता आणखी हलकी बॅट घेतली, वेग जेमतेम ८४ झाला आणि हिस्सा ०.१३ वर आला, तर पुन्हा १०४. हे मैदानावर मोजलेले आकडे नाहीत, हिशेब कसा चालतो ते कळावं म्हणून घेतले आहेत. पण त्यातून दिसतं ते खरं आहे: जितकी जड तितकी चांगली हे चूक, आणि जितकी हलकी तितकी चांगली हेही चूक. प्रत्येक मुलासाठी मधे कुठेतरी एक वजन असतं, ते शोधायचं.

सचिनचं उदाहरण इथे लागू पडत नाही. क्रिकेटच्या सरळ बॅटच्या फटक्यात बॅट वरून खाली येते, तिचं वजन फलंदाजाला मदत करतं. सॉफ्टबॉलची बॅट आडवी, अंगाभोवती फिरते. तिथे ते वजन आधी पेलावं लागतं, मग फिरवावं लागतं.

बॅट जड होतेय हे फटक्यांवरून ओळखता येतं. उजव्या हाताने खेळणारीचे फाउल (रेषेबाहेर जाणारे फटके) सारखे फर्स्ट बेसच्या, म्हणजे मैदानाच्या उजव्या बाजूला जातात. स्विंग सुरू होताना बॅटचं टोक हातांच्या खाली पडतं, मग चेंडूच्या खालचा भाग लागून सोपे कॅच उडतात. बाहेरच्या चेंडूवर स्विंग अर्ध्यात थांबवता येत नाही. बाहेरून सर ओरडतात, “उशीर होतोय, लवकर फिरव!” मग ती चेंडू न वाचताच फिरवू लागते. दोष नजरेचा नसतो, बॅटचा असतो. उलट बॅट फारच हलकी असेल, तर फटके लवकर होऊन थर्ड बेसच्या, म्हणजे डाव्या बाजूला सरपटी जातात, कमरेऐवजी नुसत्या हातांनी मारायची सवय लागते आणि चुकीच्या जागी बसलेला चेंडू हाताला झिणझिण्या आणतो.

वजन शोधायला मोबाइल पुरतो. दोन-दोन औंसांच्या फरकाच्या तीन बॅट मिळवा (संघात असतातच), टीवर (चेंडू ठेवायच्या स्टँडवर) प्रत्येक बॅटने आठ-आठ चेंडू मारायला लावा आणि बाजूने २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये चित्रण करा. हात पुढे निघाल्यापासून बॅट चेंडूला लागेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. ताशी ७० किमीचा चेंडू तेवढ्यात ८ सेंटिमीटर पुढे येतो. एका बॅटला पाच फ्रेम जास्त लागल्या, तर मुलीला चेंडू ४० सेंटिमीटर आधी ओळखावा लागेल. पिचर (चेंडू टाकणारी) १२-१३ मीटरवर असताना हे अंतर फार मोठं आहे. पहिले तीन फटके सोडून द्या, शेवटचे पाच बघा. दमल्यावर बॅट कशी फिरते हेच मॅचच्या सहाव्या-सातव्या इनिंगला कामाला येतं. फ्रेम वाढत नाहीत आणि टोक खाली पडत नाही, अशा बॅटींपैकी सर्वांत जड ती निवडा.

“दहा सेकंद धरता आली की बरोबर”

ही परीक्षा खांद्याची आहे, स्विंगची नाही. एका हातात आडवी धरून वीस सेकंदांच्या आत हात थरथरला, तर बॅट नक्की जड आहे, इतकंच यातून कळतं. थरथरला नाही म्हणून ती योग्य ठरत नाही.

“मायनस आकडा सारखा, तर बॅट सारखी”

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. मायनस आकडा म्हणजे औंसांतल्या वजनातून इंचांतली लांबी वजा केलेली. ३० इंची, २० औंसांची बॅट मायनस १०. पण ३२ इंची, २२ औंसांचीही मायनस १०. आकडा एकच, बॅट दोन.

शिवाय दोन बॅट लांबी-वजनाने अगदी सारख्या असल्या, तरी वजन कुठे भरलंय त्यावर हाताला फरक पडतो. बॅट बोटावर तोला आणि नॉबपासून (दांड्याच्या टोकाच्या गाठीपासून) तोलबिंदू मोजा. २० औंसांच्या एका बॅटचा तोल १८ इंचांवर आणि दुसरीचा साडेएकोणीस इंचांवर आला, तर नॉबपासून ६ इंचांवर, म्हणजे साधारण दोन हातांच्या मधोमध, पडणारा भार पहिलीत २० गुणिले १२, दुसरीत २० गुणिले साडेतेरा. २४० आणि २७०. काट्यावर फरक शून्य, हाताला साडेबारा टक्के. नवीन हिटरला तोल हाताकडे असलेली बॅट द्यावी. टोकाकडे वजन असलेली बॅट ताकदवान आणि स्विंग बसलेल्या खेळाडूसाठी.

छापील आकड्यावरही विसंबू नका. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर बॅट ठेवा: १८ औंस म्हणजे ५१० ग्रॅम, २० म्हणजे ५६७, २२ म्हणजे ६२४. ऑनलाइन “बेसबॉल बॅट” म्हणून विकली जाणारी स्वस्त अॅल्युमिनियमची बॅट बऱ्याचदा खेळासाठी बनवलेलीच नसते. जाड भागाभोवती दोरा गुंडाळून मोजा. सॉफ्टबॉलच्या बॅटचा जास्तीत जास्त व्यास सव्वादोन इंच, म्हणजे दोरा १८ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवा. २१ आला तर ती बेसबॉलची, पंच बाहेर काढतील.

आपल्याकडच्या घामाने ग्रिप निसटते, म्हणून पालक वरून आणखी एक ग्रिप चढवतात. तिने काट्यावर वजन वाढतं, पण ते हातापाशीच असल्यामुळे स्विंग फारसा मंदावत नाही. मात्र क्रिकेटची जाड रबरी ग्रिप चढवू नका. लहान मुठीत दांडा मावत नाही आणि मनगट आवळलं जातं. जुनी काढून एकच पातळ ग्रिप लावा.

“एक साइज मोठी घ्या”

बॅट महाग असते, ही काळजी रास्त आहे. पण ३० इंची मायनस ११ ऐवजी ३२ इंची मायनस ९ घेतली, तर वजन १९ औंसांवरून २३ वर जातं, २१ टक्के जास्त. लांबीही वाढल्यामुळे बॅट फिरवायला लागणारा जोर साधारण ३८ टक्क्यांनी वाढतो. पैसे वाचवायचे तर अॅलॉयची (मिश्रधातूची) बॅट घ्या. ती पहिल्या दिवसापासून तयार असते, सीझननंतर ज्युनियर खेळाडूला देता येते. कॉम्पोझिट (कार्बन फायबरसारख्या मिश्र साहित्याची) बॅट चेंडू फेकणाऱ्या मशीनच्या कडक, खळीदार चेंडूंवर सरावाला वापरली की तडकते.

लांबी वयावर नाही, उंचीवर ठरवा. साडेचार फुटांना २९ इंच, पाच फुटांना ३०-३१, सव्वापाच फुटांना ३१-३२. सुरुवातीला मायनस ११ किंवा १२, स्विंग बसला की मायनस १०.

“जड रिंग घालून फिरवा”

रिंग काढल्यावर बॅट हलकी भासते, पण वेग वाढत नाही, उलट थोडा घटू शकतो. रिंग टोकाशी बसते, त्यामुळे स्विंगची वाटही बदलते. मॅचआधी स्वतःच्याच बॅटने दहा-बारा पूर्ण स्विंग करा.

बऱ्याच शाळांच्या किटमध्ये सगळ्या संघाला मिळून एकच ३२ इंची बॅट असते. तिथे लहान खेळाडूंनी दोन्ही हात नॉबपासून दीड इंच वर सरकवावेत. ग्रिपवर तिथे रंगीत टेपची एक रेघ मारून ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी हात त्याच जागी बसेल.