ध्यानाने चुका कमी होतात, असे त्या अभ्यासात आढळलेले नाही

‘वीस मिनिटे ध्यान केले की मेंदू बदलतो आणि हातून होणाऱ्या चुका कमी होतात, हे अमेरिकेत सिद्ध झाले आहे, आपल्या पूर्वजांना ते आधीच ठाऊक होते’, असा दावा समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. त्याचे मूळ मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतील यानली लिन, जेसन मोझर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘ब्रेन सायन्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. अभ्यास चांगला आहे. दावा मात्र त्याच्या निष्कर्षांना धरून नाही.

‘चुका कमी होतात’ हा दाव्याचा गाभा आहे आणि नेमका तोच खोटा आहे. कधीही ध्यान न केलेल्या २१२ जणांपैकी एका गटाकडून ध्वनिमुद्रित सूचनांच्या आधारे वीस मिनिटे ध्यान करून घेतले, दुसऱ्या गटाला ध्यानाशी संबंध नसलेले काही ऐकवले आणि मग दोन्ही गटांना संगणकावर ‘फ्लँकर’ प्रकारची चाचणी दिली. अशा चाचणीत पडद्यावर एका ओळीत काही चिन्हे क्षणभर चमकतात आणि मधल्या चिन्हाप्रमाणे झटकन बटण दाबायचे असते. आजूबाजूची चिन्हे वेगळी असली की बोट फसण्याची शक्यता वाढते. या चाचणीतील कामगिरीवर ध्यानाचा परिणाम झालेला दिसला नाही. संशोधकांनी हे निबंधाच्या सारांशातच नमूद केले आहे. विद्यापीठाच्या बातमीचा मथळा मात्र ध्यानामुळे चुका कशा कमी होऊ शकतात, असा होता, आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच झाली असावी, असे मला वाटते.

मग ‘मेंदू बदलतो’ म्हणजे काय होते? डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी बसवून मेंदूतील विद्युत हालचाल नोंदवली, तर चुकीनंतर दोन ठळक लहरी दिसतात. पहिली चुकीचे बटण दाबल्यापासून सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत उमटते. चूक झाल्याचे माणसाला कळो वा न कळो, ती येतेच. दुसरी त्यानंतर, साधारण अर्ध्या सेकंदापर्यंत, दिसते आणि तिचा संबंध चूक जाणीवपूर्वक लक्षात येण्याशी जोडला जातो. ध्यान केलेल्या गटात ही दुसरी लहर अधिक मोठी होती, पहिलीत मात्र फरक नव्हता. मोजमाप ध्यानानंतर लगेच, त्याच बैठकीत झाले होते, त्यामुळे हा परिणाम दुसऱ्या दिवशीही टिकतो का, याविषयी त्यातून काहीच सांगता येत नाही.

लहर मोठी म्हणजे मेंदू अधिक कार्यक्षम, हे गृहीतकही टिकत नाही. चिंताग्रस्त व्यक्तींमध्ये आणि मंत्रचळाचा विकार असलेल्यांमध्ये पहिली लहर सरासरीने मोठी आढळते, आणि त्याला कोणीही सुदृढतेचे लक्षण म्हणणार नाही.

‘सिद्ध झाले आहे’ हे म्हणणे तर फारच घाईचे आहे. लार्सन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अशाच अल्पकालीन ध्यानाचा अभ्यास केला, तेव्हा ध्यान केलेल्या गटात दुसरी लहर उलट लहान आढळली. त्याच वर्षी टेपर आणि इन्झलिक्ट यांना नियमित ध्यान करणाऱ्यांमध्ये पहिली लहर मोठी आणि चुका कमी आढळल्या. दावा करणाऱ्यांनी खरे तर या अभ्यासाचा आधार घ्यायला हवा होता. मात्र तिथेही मुळातच एकाग्र असलेली माणसे ध्यानाकडे वळली असण्याची शक्यता उरते. लिन यांच्या मते या विसंगतीमागे ध्यानाच्या पद्धतींतील फरक असू शकतो: त्यांच्या प्रयोगात श्वासावर मन खिळवायचे नव्हते, तर मनात आणि शरीरात जे जे उमटेल त्याकडे केवळ पाहायचे होते.

हा फरक इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस राहून आलेल्या कोणालाही ओळखीचा वाटेल. तिथे सुरुवातीचे तीन दिवस आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष, आणि त्यानंतरच शरीरातील संवेदनांचे निरीक्षण शिकवले जाते. या परंपरेविषयी मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच नवख्या माणसांच्या वीस मिनिटांवरून तिला प्रमाणपत्र देणे मला खटकते. त्या प्रयोगात ही साधना तपासलीच नव्हती. तिच्या बाजूने किंवा विरुद्ध त्यातून काहीही निघत नाही.

राहिले विद्यार्थी. ‘सिली मिस्टेक’ टाळण्यासाठी मुलांना परीक्षेपूर्वी वीस मिनिटे ध्यानाला बसवायचे असेल, तर खुशाल बसवावे; पण त्याने गुण वाढतील, असे त्यांना या अभ्यासाचा हवाला देऊन सांगू नये.