इंग्लंडमधील प्रेप शाळा आणि एका व्हॉट्सॲप संदेशातील गैरसमज

गेल्या काही महिन्यांत इंग्लंडमधील मराठी कुटुंबांच्या आणि पुण्या-मुंबईतील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक लांबलचक संदेश फिरत आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: इंग्लंडमधील हुशार मुले चौथ्या वर्षापासून खासगी प्रिपरेटरी, म्हणजे ‘प्रेप’, शाळेत जातात, ही शेकडो वर्षांची परंपरा आहे, तिथला प्रत्येक पंतप्रधान अशाच शाळेतून आला, ऑक्सफर्ड-केंब्रिजचा रस्ता तिथूनच जातो, सरकारी शाळा फक्त गरिबांसाठी आहेत आणि व्हिसावर आलेल्यांच्या मुलांना त्यांत प्रवेशही मिळत नाही. म्हणून आपणही मुलांसाठी नावात ‘प्रिपरेटरी’ असलेली शाळा शोधावी, असा सल्ला शेवटी आहे. या संदेशात थोडे खरे, बरेच अर्धवट आणि दोन ठिकाणी निखालस खोटे आहे. त्याच्या भरवशावर लोक मोठे आर्थिक निर्णय घेऊ लागल्यामुळे त्यातील मुद्द्यांना सविस्तर उत्तर देणे आवश्यक वाटते.

मुळात शब्दाचाच घोटाळा आहे. आपल्याकडे ‘प्रेप’ म्हटले की बालवाडी किंवा केजी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ महाविद्यालयाची तयारी करून घेणारी माध्यमिक शाळा असा होतो. इंग्लंडमधील प्रेप शाळा या दोन्हींहून वेगळी आहे. ती साधारण सात-आठ ते तेरा वर्षांच्या मुलांची, शुल्क घेणारी शाळा असते. चार ते सात वयाचा तिचा विभाग ‘प्री-प्रेप’ म्हणून ओळखला जातो. तयारी कशाची, या प्रश्नाचे उत्तरही नेमके आहे: ईटन, हॅरो, विंचेस्टर अशा खासगी माध्यमिक शाळांच्या, म्हणजे इंग्रजांच्या भाषेत ‘पब्लिक स्कूल’च्या, तेराव्या वर्षीच्या प्रवेशाची. (आपल्या गावोगावच्या ‘पब्लिक स्कूल’च्या पाट्या याच उलट्या अर्थाच्या शब्दावरून आल्या आहेत.) म्हणजे प्रेप शाळा ही एका विशिष्ट प्रवासातील मधले स्थानक आहे. ज्याला त्या गाडीने पुढे जायचेच नाही, त्याने त्या स्थानकाचे तिकीट का काढावे, हा विचार संदेश लिहिणाऱ्याच्या मनाला शिवलेला दिसत नाही.

आता परंपरेविषयी. विंचेस्टरची स्थापना १३८२ची आणि ईटनची १४४०ची, हे खरे. पण त्यांना मुले पुरवणाऱ्या प्रेप शाळांची व्यवस्था मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील आहे. लहान मुले आणि मिसरूड फुटलेली मुले एकाच वसतिगृहात ठेवण्याचे दुष्परिणाम दिसू लागले, मोठ्या शाळांनी लहानांना घेणे हळूहळू बंद केले, आणि त्या रिकाम्या जागेत स्वतंत्र शाळा उभ्या राहिल्या. त्यांच्या मुख्याध्यापकांची संघटना १८९२मध्ये झाली आणि तेराव्या वर्षीची ‘कॉमन एन्ट्रन्स’ ही सामाईक परीक्षा १९०४मध्ये सुरू झाली. या वाढीला साम्राज्याचाही हातभार होता: मुंबई, पुणे, महाबळेश्वर येथे राहणारे इंग्रज अधिकारी सहा-सात वर्षांची मुले बोटीने मायदेशी पाठवत आणि त्यांना ठेवून घेणारी शाळा त्यांना हवीच असे. म्हणजे ज्या परंपरेपुढे आपण मान तुकवतो आहोत, तिचा एक धागा आपल्याच भूमीवरील वसाहतवादी नोकरशाहीच्या गरजेत आहे. त्या परंपरेत छडीही होती. सरकारी शाळांतील शारीरिक शिक्षा १९८७पासून बंद झाली. इंग्लंडमधील खासगी शाळांत ती कायद्याने बंद व्हायला १९९९ उजाडावे लागले.

प्रेप शाळेतील मूल वसतिगृहातच राहते, अशीही समजूत संदेशात दिसते. तो मुद्दा चटकन संपवता येईल. आजच्या प्रेप शाळांतील बहुसंख्य मुले सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परततात.

पंतप्रधानांविषयीचे विधान सर्वांत जास्त पुढे पाठवले गेले आहे आणि तेच सर्वांत सहज खोडता येते. १९६४ ते १९९७ या तेहतीस वर्षांत ब्रिटनला विल्सन, हीथ, कॅलाहन, थॅचर आणि मेजर असे पाच पंतप्रधान लाभले. पाचही जण सामान्य प्राथमिक शाळांतून आलेले होते. लिझ ट्रस लीड्समधील सरकारी शाळेत शिकल्या. उलट बाजूही सांगितली पाहिजे: टोनी ब्लेअर, डेव्हिड कॅमेरॉन, बोरिस जॉन्सन आणि ऋषी सुनक हे चौघे प्रेप शाळेतून गेले. ‘बरेच’ असे म्हटले असते तर विधान टिकले असते. ‘प्रत्येक’ या शब्दाने ते कोसळते.

ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या बाबतीत मात्र अधिक काळजीपूर्वक बोलले पाहिजे, कारण इथे संदेशाच्या पाठीशी एक अस्वस्थ करणारे सत्य आहे. इंग्लंडमधील जेमतेम सात टक्के मुले खासगी शाळांत शिकतात; तरी ऑक्सफर्डला प्रवेश मिळवणाऱ्या ब्रिटिश विद्यार्थ्यांत अलीकडच्या वर्षांत त्यांचा वाटा सुमारे एक-तृतीयांश राहिला आहे. हा असमतोल मोठा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. परंतु उरलेले दोन-तृतीयांश सरकारी शाळांतून येतात, हेही त्याच आकड्यात आहे. आणि खासगी शाळांच्या त्या एक-तृतीयांशातही अकराव्या किंवा सोळाव्या वर्षी खासगी शाळेत आलेली, प्रेप शाळा न पाहिलेली मुले असतात. शिवाय खासगी शाळांतील मुलांच्या यशात पालकांचे शिक्षण, घरातील पैसा आणि प्रवेशपरीक्षेने आधीच केलेली निवड यांचा वाटा किती आणि शाळेचा किती, हे नुसत्या टक्केवारीवरून सांगता येत नाही. मराठी माणसाने तर हा दावा वाचून मनाशी हसायला हवे. दापोलीजवळच्या मुर्डी गावात जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे कोकणात आणि पुण्यात शिकून केंब्रिजला गेले आणि १८९९मध्ये तिथल्या गणिताच्या परीक्षेत संयुक्तपणे पहिले, म्हणजे ‘सीनियर रँग्लर’, ठरले.

सरकारी शाळा केवळ गरिबांसाठी आहेत, हे विधान करणाऱ्याने तिथली एखादी प्राथमिक शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर उभे राहून पाहावी. नव्वद टक्क्यांहून अधिक मुले जिथे जातात, तिथे डॉक्टरांची, वकिलांची, बसचालकांची अशी सगळ्यांचीच मुले असतात. चांगल्या प्राथमिक शाळेच्या आसपासची घरे महाग होतात, ती उगाच नव्हे. २०२१च्या ‘पर्ल्स’ या आंतरराष्ट्रीय वाचन-चाचणीत, एकाच वेळी व एकाच वयात तपासलेल्या ४३ देशांत इंग्लंडची दहा वर्षांची मुले चौथी आली. ती कामगिरी मुख्यतः सरकारी शाळांतील मुलांचीच आहे.

खासगी शाळांतील शिक्षकच अधिक पात्र असतात, अशा आशयाचेही एक वाक्य संदेशात आहे. वस्तुस्थिती अशी की स्थानिक प्रशासनाच्या शाळेत शिकवण्यासाठी सामान्यतः अधिकृत शिक्षकी पात्रता लागते, तर खासगी शाळेवर तशी कायदेशीर सक्ती नाही आणि राष्ट्रीय अभ्यासक्रमाचेही बंधन नाही. यावरून तिथले शिक्षक वाईट ठरत नाहीत. लहान वर्ग, नवव्या-दहाव्या वर्षापासून विषयवार शिक्षक, फ्रेंच-लॅटिन, प्रयोगशाळा, स्वतःची मैदाने या गोष्टी चांगल्या प्रेप शाळेत खरोखर असतात, आणि कोणाला त्यांसाठी पैसे मोजावेसे वाटले तर त्यात गैर काही नाही. फक्त ते पैसे किती, हे संदेशात नाही. अनेक ठिकाणी वर्षाला पंधरा हजार पौंडांहून अधिक, म्हणजे रुपयांत सोळा लाखांच्या पुढे, तेही एका मुलाचे. शिवाय १ जानेवारी २०२५पासून खासगी शाळांच्या शुल्कावर २० टक्के व्हॅट लागू झाला आहे. गणवेश, सहली, वाद्यांचे वर्ग हे बहुधा निराळे. हा खर्च प्री-प्रेपपासून आठ-नऊ वर्षे करून मूल तेराव्या वर्षी जिथे पोहोचते, तिथे पुढची खासगी शाळा आणि आणखी मोठे शुल्क उभे असते.

सर्वांत घातक विधान व्हिसाचे आहे, कारण नव्याने आलेले कुटुंब त्यामुळे घाबरून जाते. ‘सार्वजनिक निधीचा लाभ नाही’ ही अट कामाच्या व्हिसावर असते खरी. पण सरकारी शाळेतील शिक्षण या ‘सार्वजनिक निधी’च्या व्याख्येत येतच नाही. आईवडिलांबरोबर अवलंबित म्हणून आलेले मूल सरकारी शाळेत विनाशुल्क शिकू शकते. खासगी शाळेचे बंधन असते ते एकट्याने, खास शिक्षणासाठीच्या बाल-विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्या मुलाला. संदेशकर्त्याने बहुधा हे दोन व्हिसे एकत्र कालवले आहेत. प्राथमिक प्रवेशाचा अर्ज स्थानिक प्रशासनाकडे १५ जानेवारीपर्यंत करायचा असतो, माध्यमिकचा ३१ ऑक्टोबरपर्यंत, आणि वर्षाच्या मध्ये आलेल्यांसाठी वेगळी सोय असते. हव्या त्याच शाळेत जागा मिळेल याची खात्री नसते, ही अडचण खरी आहे.

ज्यांना निवडक मुलांचीच शाळा हवी आहे, त्यांच्यासाठीही खासगी हा एकमेव मार्ग नाही. इंग्लंडमध्ये १६३ सरकारी ग्रामर शाळा आहेत. अकराव्या वर्षीच्या परीक्षेवर प्रवेश मिळतो आणि शुल्क नसते. आपली बरीच माहिती-तंत्रज्ञानवाली मंडळी ज्या स्लाउ आणि रेडिंगच्या परिसरात राहतात, तिथेच अशा शाळा आहेत. या परीक्षेची तयारी सरकारी प्राथमिक शाळा सहसा करून घेत नाही, त्यामुळे शिकवणीचा खर्च अनेक घरांत होतो आणि दहा वर्षांच्या मुलावर ताणही येतो. पण तो खर्च आणि प्रेप शाळेचे शुल्क यांची तुलनाच होऊ शकत नाही.

राहिला भारतातील पालकांना दिलेला सल्ला. नावात ‘प्रिपरेटरी’ असल्याने एखादी शाळा इंग्लंडमधील प्रेप शाळेची भावंड ठरत नाही, कारण ज्या प्रवेशासाठी ती तयारी असते, तो प्रवेशच इथे नाही. आणि शब्दच हवा असेल, तर २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तिसरी ते पाचवीच्या टप्प्याला इंग्रजीत हेच नाव दिले आहे. त्या हिशेबाने जिल्हा परिषदेच्या शाळेतील तिसरीचा वर्गही ‘प्रिपरेटरी’च आहे.