खुलासा : हिरव्याचं निळं झालेलं टपाल तिकीट लाखाचं नाही

‘जुनं हिरवं तिकीट निळं दिसलं तर ती छपाईतली चूक, लाखाला जातं’ असा मेसेज सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. सोबतचा फोटो माझ्या तिकिटाचा आहे. ‘रंग गाळला गेलाय’, म्हणजे छपाईत एक रंग राहूनच गेलाय, असं मीच घाईने लिहिलं होतं. ते चुकलं, मनापासून माफ करा.

अनेक तिकिटांवरचा हिरवा हा पिवळा आणि निळा एकावर एक छापून तयार होतो. उन्हात पिवळा आधी उडतो, निळा मागे राहतो. शंका आली म्हणून तसंच दुसरं तिकीट अर्धं काळ्या कागदाने झाकून गच्चीवर ठेवलं. आपलं एप्रिलचं ऊन! तीन आठवड्यांत उघडा अर्धा भाग निळसर झाला, झाकलेला हिरवाच राहिला. मग माझं तिकीट भिंगाखाली नीट पाहिलं. पिवळ्याचे पुसट ठिपके अजून होते. रंग खरोखर छापायचा राहिला असता, तर एकही ठिपका दिसला नसता.

छपाईत रंग सरकणं वेगळं. त्यात एक रंग अख्खाच एका बाजूला हटतो, शेजारच्या तिकिटांवरही तसाच. आणि 1854 च्या चार आण्यांच्या काही तिकिटांवर तर व्हिक्टोरिया राणीचं डोकंच उलटं आलं, कारण लाल आणि निळा रंग वेगवेगळ्या वेळी छापले गेले. छपाईतल्या चुका म्हणतात त्या अशा.

मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर हा खुलासाही पाठवा. आणि घरात आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं 1993 चं तिकीट असेल, तर ते उन्हापासून जपा.