‘शुगर फ्री’ म्हणून घेतलेल्या आंबा-केळी पाकिटाविषयीच्या तक्रारीस उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या गोठवलेल्या आंबा-केळी पाकिटाला आपण दोन तारे दिलेत आणि त्यामागची कारणेही सविस्तर लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे: ‘शुगर फ्री’ ही आमची जाहिरात वाचून आपण मधुमेह असलेल्या वडिलांसाठी हे पाकीट मागवले, सोबतच्या कृतीपत्रिकेबरहुकूम स्मूदी करून दिली, आणि दोन तासांनी घरच्या ग्लुकोमीटरवर आकडा नेहमीपेक्षा बराच वर गेलेला दिसला. दुसऱ्या दिवशी मध आणि खजूर वगळून तीच स्मूदी केली, तर मुलांनी एका घोटानंतर पेले बाजूला सारले. मधाऐवजी गूळ सुचवला असता तर बरे झाले असते, असे आपण पुढे म्हटले आहे. आणि यापुढे वडिलांना फळेच द्यायची नाहीत असे घरात ठरल्याचे लिहून आपण थांबला आहात. हे उत्तर लांबले आहे ते मुख्यतः या शेवटच्या वाक्यामुळे.

आधी आमची चूक. पाकिटावर ‘साखर घातलेली नाही’ असे छापलेले आहे आणि ते खरे आहे. आत हापूसच्या फोडी आणि केळ्याच्या चकत्या यांखेरीज काहीही नाही. परंतु जाहिरातीत त्याच मजकुराचे ‘शुगर फ्री’ झाले, आणि या दोन शब्दप्रयोगांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या जाहिराती व दाव्यांसंबंधीच्या नियमांनुसार 100 ग्रॅम पदार्थात 0.5 ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तरच त्याला ‘शुगर फ्री’ म्हणता येते. आमच्या या पाकिटात 100 ग्रॅममागे सुमारे 13 ग्रॅम साखर आहे, कारण आंब्यात आणि केळ्यात ती निसर्गतःच असते. त्याच नियमांनुसार, साखर घातलेली नसली तरी पदार्थात ती मुळातच असेल, तर तसा स्पष्ट उल्लेख लेबलवर असावा लागतो. आमच्या पाकिटावर तो होता, पण मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत. मधुमेही माणसाच्या घरात जाणाऱ्या वस्तूवर ही ओळ पुढच्या बाजूलाच हवी होती. जाहिरात आम्ही मागे घेतली आहे आणि नव्या पाकिटांवर ती ओळ फळांच्या नावाखालीच छापली जाईल.

दुसरी चूक कृतीपत्रिकेची, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. तीत एका माणसासाठी 250 ग्रॅमचे अख्खे पाकीट, एक पेला दूध, एक मोठा चमचा मध आणि दोन खजूर असे प्रमाण दिले होते. आपली तक्रार वाचल्यावर मी वही घेऊन हिशेब मांडला. दीडशे ग्रॅम आंब्यातून सुमारे 20 ग्रॅम साखर, शंभर ग्रॅम केळ्यातून 12, दोनशे मिलिलिटर दुधातल्या दुग्धशर्करेचे 10, मधाचे 17 आणि खजुरांचे साधारण 10, असे मिळून एका पेल्यात 69 ग्रॅमच्या आसपास साखर होते. चहाच्या सपाट चमच्यात 4 ग्रॅम साखर मावते असे धरले, तर हे सतरा चमचे झाले. चहात सतरा चमचे साखर कोणी घालणार नाही, पण स्मूदीत ती फळांच्या, दुधाच्या आणि मधाच्या रूपाने वेगवेगळ्या वाटांनी येते, त्यामुळे बेरीज डोळ्यांसमोर उभी राहत नाही. ती बेरीज मी पत्रिका छापण्यापूर्वी करायला हवी होती.

गुळाविषयी मात्र मला आपल्याशी नम्रपणे असहमत व्हावे लागेल. गुळात खनिजे थोडीफार असतात, त्याला स्वतःची चव असते आणि आपल्या स्वयंपाकात त्याचे स्थान मानाचे आहे. पण त्याचा सर्वांत मोठा भाग साखर हाच आहे, आणि रक्तातील ग्लुकोजच्या बाबतीत त्याने साखरेपेक्षा काही फार वेगळे घडत नाही. मधाचेही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली साखरेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत आपण वरून घातलेल्या साखरेबरोबरच मध, निरनिराळे पाक आणि फळांचे रस यांतील साखरही ‘मुक्त साखर’ म्हणून धरली आहे. ती दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि शक्य झाल्यास 5 टक्क्यांच्या आत आणावी, असे ही तत्त्वे सांगतात. दोन हजार कॅलरींच्या आहारात 5 टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम. आमच्या पत्रिकेतला एक चमचा मध एकटाच त्यातला दोन तृतीयांश वाटा संपवत होता. मधासंबंधी आणखी एक गोष्ट पत्रिकेत राहून गेली होती, ती येथे सर्वांसाठी लिहितो: एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात देऊ नये, कारण त्यातून बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

आता फळांविषयी. अख्ख्या फळातली साखर वर सांगितलेल्या ‘मुक्त साखरे’त धरली जात नाही, आणि त्याला कारण आहे. फळ चावून खाताना वेळ लागतो, पोट भरल्याची जाणीव वाटेतच होते आणि माणूस आपसूक थांबतो. एक आंबा आणि एक केळे कापून बशीत ठेवले, तर खाणाऱ्याला आपण किती खातो आहोत हे दिसत असते. तेच मिक्सरमधून काढून पेल्यात ओतले की दोन मिनिटांत संपते आणि वर पुन्हा थोडे हवेसे वाटते. मिक्सरमध्ये फळाचा चोथा नाहीसा होत नाही, फक्त बारीक होतो; गाळणीने गाळल्यावर मात्र तो खरोखरच निघून जातो, म्हणून स्मूदी कधीही गाळू नये. ब्रिटनमध्ये तर वाटलेल्या फळांतली साखरही मुक्त साखरच मानतात, आणि तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा रस आणि स्मूदी मिळून दिवसाला 150 मिलिलिटरच्या वर जाऊ नये असे सांगते. आमच्या पत्रिकेतला पेला त्याच्या तिप्पट होता.

म्हणून माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे की त्या एका आकड्यामुळे वडिलांची फळे बंद करू नका. तो आकडा आमच्या पत्रिकेतल्या प्रमाणाचा होता. त्यांच्यासाठी स्मूदीपेक्षा कापलेले फळ केव्हाही बरे: पेरूच्या चार फोडी, पपईची लहान वाटी, संत्र्याच्या काही फोडी सालपटाच्या आतल्या पांढऱ्या धाग्यांसकट. पपईत 100 ग्रॅममागे साधारण 8 ग्रॅम, पेरूत आणि संत्र्यात 9 च्या आसपास आणि स्ट्रॉबेरीत 5 ग्रॅम साखर असते, तर आंबा, डाळिंब आणि द्राक्षे 14 ते 16 च्या घरात जातात. चिकू याहूनही गोड. कोणते फळ किती आणि केव्हा द्यायचे, हे त्यांची औषधे ठाऊक असलेल्या डॉक्टरांनाच विचारावे. ते ठरवणे माझ्या अधिकारातले नाही.

राहिली बेचव लागल्याची तक्रार, आणि ती अगदी रास्त आहे, कारण गोडाचा एक घटक नुसता काढून टाकला की मागे पोकळी राहते. मुळात अति थंड पदार्थात जिभेला गोडी कमी जाणवते. आमची फळे फ्रीझरमधून थेट मिक्सरमध्ये जातात, वर घरोघरी बर्फही घातला जातो. मग चव पातळ होते आणि हात मधाच्या बाटलीकडे जातो. बर्फ पूर्ण वगळा, फळे दहा मिनिटे बाहेर ठेवा आणि स्मूदी तयार झाल्यावरही पाच मिनिटे थांबून प्या. तेवढ्याने फरक पडतो. मीठ चिमटीच्या टोकावर मावेल एवढेच घालावे, त्याने गोडी उठून येते. वेलदोडा, किसलेले जायफळ किंवा दालचिनीची पूड यांत साखर नावापुरतीच, पण आपल्याकडे श्रीखंड-बासुंदीमुळे वेलदोडा आणि जायफळ यांचा वास आला की जीभ गोडाची अपेक्षा करू लागते, आणि ती अपेक्षा बरेच काम करते. दही ताजे, अधमुरे घ्यावे. आंबट दह्याने फळाची गोडी झाकली जाते. बाजारातले फळांच्या स्वादाचे दही मात्र टाळा, कारण त्यात बहुधा साखर घातलेली असते.

केळ्याबाबत एक बारकावा आहे. केळे पिकते तसतसे त्यातल्या पिष्टाची साखर होत जाते, म्हणून सालीवर काळे ठिपके आलेले अर्धे केळे चवीला कच्चट अख्ख्या केळ्याइतके काम करते. आंबा, पपई आणि चिकू घरी ठेवले तरी पिकतात. स्ट्रॉबेरीचे तसे नाही. ती तोडल्यावर अधिक गोड होत नाही, त्यामुळे देठापर्यंत लाल झालेलीच घ्यावी लागते. आम्ही वाईत आहोत, पसरणी घाट उतरून पाचगणी-महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आमच्याकडे येते, आणि देठाजवळ पांढरी राहिलेली फळे आम्ही निवडून बाजूला काढतो. अशा फळांची आंबट स्मूदी कितीही मधाने सुधारत नाही. आमच्या घरात पूर्वी वर्षानुवर्षे क्रश आणि सरबते होत. तेथे आंबट फळ चालून जायचे, कारण सगळा डोलारा साखरेच्या पाकावरच उभा असायचा. तो धंदा सोडून नुसती फळे गोठवायला सुरुवात केली ती याच विचाराने की घरच्या माणसाला साखर आपल्या हाताने ठरवता यावी. त्याच पाकिटाबरोबर आम्ही साखरेने भरलेली कृती पाठवली, याचे मला खरोखर वाईट वाटते.

सुधारलेली कृती आता अशी आहे. अर्धे पाकीट, म्हणजे 125 ग्रॅम फळे. दीडशे ग्रॅम ताजे घरचे दही. भिजवून फुगलेला सब्जा दोन मोठे चमचे. भाजलेल्या शेंगदाण्यांचे बारीक कूट एक मोठा चमचा. वेलदोड्याची पूड आणि वर सांगितलेले मीठ. सब्जा सोडून सगळे मिक्सरमधून काढावे, सब्जा शेवटी ढवळावा. याचे दीडशे मिलिलिटरचे दोन पेले होतात. फळांतून 16 आणि दह्यातून 7 ग्रॅम अशी मिळून साधारण 23 ग्रॅम साखर येते, म्हणजे माणशी बारा ग्रॅमच्या आत. पूर्वीच्या पेल्याचा सहावा हिस्सा. दह्यातली प्रथिने आणि कुटातला स्निग्धांश यांमुळे पोट रिकामे होण्याचा वेगही मंदावतो. मुलांना एकदम ही चव देऊ नये. आजवर एक चमचा मध घालत असाल तर आठवडाभर पाऊण चमचा, मग अर्धा, मग पाव असे उतरावे. आमच्या घरी दोन मुलांना या पायऱ्या उतरायला महिनाभर लागला, आणि धाकट्याने तिसऱ्या आठवड्यात मधाची बाटली शोधलीही होती.

आपल्या पाकिटाची पूर्ण रक्कम आपण ज्या मार्गाने भरली त्याच मार्गाने परत केली आहे. पाकीट परत पाठवण्याची गरज नाही. जुन्या कृतीपत्रिका शिल्लक होत्या त्या सगळ्या काढून टाकल्या असून, ज्यांच्याकडे त्या आधीच गेल्या आहेत अशा सर्व ग्राहकांना दुरुस्त पत्रिका पाठवण्याचे काम सुरू आहे. आपल्याला पाठवलेल्या प्रतीत वरची कृती आणि आमच्या सहाही पाकिटांतील साखरेचे आकडे, 100 ग्रॅममागे आणि एका पेल्यामागे असे दोन्ही, छापलेले आहेत. त्यांत काही चुकीचे किंवा अस्पष्ट वाटले तर येथेच लिहावे.

वडिलांना आमचा नमस्कार सांगावा.